वायतुऱ्याचा ताळेबंद

पाण्याचे मोल आटपाडीच्या व्यापारी घराण्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पर्जन्यछायेतील हा माणदेश. पाऊस बेताचा आणि तोही लहरी. दुकानातील उलाढाल, उधारीची वसुली, डाळिंबाचा सौदा, सणासुदीची खरेदी या साऱ्यांचा हिशेब अखेर पाण्याशी येऊन थांबतो. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. त्या दीर्घ लढ्यानंतर टेंभू योजनेचे पाणी तालुक्यात पोहोचले आणि ज्या शिवारात कुसळे उगवत, तेथे बागा उभ्या राहिल्या.

हे पाणी कराडजवळ टेंभू येथे कृष्णेतून उचलले जाते. त्याआधी कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळालेली असते आणि कासच्या परिसरात उगम पावणारी उरमोडीही वाटेत तिला येऊन मिळालेली असते. महाबळेश्वर, कास, चाळकेवाडी, कोयनेचे खोरे अशा सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस असा फिरत फिरत आटपाडीच्या ठिबकनळीपर्यंत येतो. त्याच माथ्यावरच्या उथळ डबक्यांत एक लहानशी पाणवनस्पती राहते. तिचे मराठी नाव वायतुरा. शास्त्रीय नावात मात्र थेट साताऱ्याचाच शिक्का आहे : अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सह्याद्रीच्या या उत्तर भागातील मोजक्या पठारांपलीकडे ती जगात कोठेही निसर्गतः आढळत नाही आणि नामशेष होण्याचा धोका असलेल्या वनस्पतींत तिची गणना होते.

ज्या वनस्पतीचा बाजारात भाव नाही, जिची भाजी कोणी विकत नाही, तिच्या अस्तित्वाचा विचार व्यापारी कुटुंबांनी का करावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेत शोधण्याची गरज नाही. भांडवल म्हणजे काय, आणि पुस्तकातील शिल्लक व खरी शिल्लक यांत फरक कसा पडतो, हे ज्यांना कळते त्यांना ते लवकर पटेल.

सड्यावरचे चार महिने

सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्या दगडाच्या सपाट पठाराला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. माती म्हणावी तर बोटभर जाडीची, तीही खळग्यांपुरती. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की खळगे भरतात, डबकी साचतात आणि तीन-चार महिन्यांपुरता तेथे पाण्याचा संसार मांडला जातो. गेंदाची पांढरी बोंडे, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले आणि पाण्यातून वर डोकावणारा वायतुरा ही त्या संसारातील मंडळी. दिवाळीच्या सुमारास पाणी आटू लागते आणि हा सारा पसारा दिसेनासा होतो.

वायतुरा मात्र संपलेला नसतो. चिखलाखाली त्याचा लहानसा कंद असतो. पाऊस येईपर्यंतचे महिने तो कंदाच्या रूपाने काढतो आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा पाने सोडतो. कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या घरांत कंदाविषयी एक सावध आदर असतोच. जमिनीखालचा तो गोळा म्हणजे वाट पाहत असलेला जीव आहे, ही समज येथे शब्दशः खरी ठरते. गंमत म्हणून एखाद्याने तो उपटला, तर पुढच्या कित्येक वर्षांचे फुलणे तेथेच थांबते.

पाण्यावर येणारा त्याचा फुलोरा जांभळट गुलाबी असतो आणि एकाच देठावर त्याला दोन फांटे फुटलेले असतात. सुंदराराघवन, कुलकर्णी आणि यादव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९८२ साली या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर विज्ञानाच्या वहीत तिची स्वतंत्र नोंदच नव्हती. या कुळात जगभर सुमारे ६० जाती आहेत. त्या आफ्रिका, मादागास्कर, आशिया आणि ऑस्ट्रेलियात विखुरलेल्या आहेत. आशियातील बहुतेक जातींचा तुरा एकेरी असतो. दुहेरी तुरा प्रामुख्याने आफ्रिकेतील जातींत दिसतो. दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतात तर अशाच दुहेरी तुऱ्याच्या एका जातीच्या कळ्या भाजीसाठी बाजारात येतात. साताऱ्याच्या सड्यावरील वायतुऱ्याचे ते दूरचे सगोत्र म्हणावे लागेल.

या वनस्पतीची आणखी एक खासियत आहे आणि पुढील सर्व विवेचन तिच्यावर उभे आहे. पपईत जशी नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात, तशीच वायतुऱ्यातही नर व मादी रोपे वेगवेगळी असतात. नर रोपावरील परागकण कीटकांनी मादी रोपापर्यंत नेले तरच बी धरते. एखाद्या डबक्यात नुसतेच नर किंवा नुसत्याच मादी असतील, तर ते डबके दरवर्षी फुलेल, पाहणाऱ्याचे डोळे निवतील, छायाचित्रेही सुरेख येतील. पण बी एकही धरणार नाही.

मोजदाद आणि भांडवल

एखाद्या पठारावर वायतुऱ्याची ५०० रोपे आहेत असे समजले, तर सामान्य माणूस समाधान मानेल. लेखापरीक्षक मात्र पुढचा प्रश्न विचारील : या ५०० मध्ये वेगळी किती? कारण शाकीय वाढीने एकाच रोपापासून अनेक रोपे झाली असतील, तर ती ५०० खाती नसून एकाच खात्याच्या ५०० प्रती आहेत. खातेदार एकच असेल, तर त्याच्यावर आलेले संकट सर्व प्रतींवर एकाच दिवशी येते.

सजीवांच्या पेशींत आनुवंशिक गुणांचे जे लेखन असते, त्यातील व्यक्तिव्यक्तींमधील फरकाला जनुकीय विविधता म्हणतात. एक रोप उशिरा येणाऱ्या पावसाला तग धरते, दुसरे बुरशीला दाद देत नाही, तिसऱ्याचा कंद अधिक खोल जातो. चांगल्या वर्षात हे फरक कोणाच्या लक्षातही येत नाहीत. वाईट वर्षात मात्र तेच जातीला वाचवतात. व्यवहाराच्या भाषेत हा राखीव निधी आहे. नफ्याच्या वर्षी तो पडून आहे असे वाटते आणि तोट्याच्या वर्षी पेढी त्याच्याच जोरावर उभी राहते.

हा निधी कसा आटतो, याचे गणित अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी मांडून ठेवले आहे. नर-मादी वेगळे असणाऱ्या जीवांत प्रत्यक्ष संख्या आणि प्रभावी संख्या या दोन वेगळ्या गोष्टी असतात. नरांची संख्या गुणिले मादींची संख्या, त्याची चौपट, आणि भागिले एकूण संख्या, असे केले की प्रभावी संख्या मिळते. उदाहरणादाखल, एका डबक्यात १०० रोपे आहेत, त्यांपैकी ५० नर व ५० मादी, असे धरू. प्रभावी संख्या १०० येते. तेथेच ९० नर आणि १० मादी असतील, तर ४ गुणिले ९० गुणिले १० म्हणजे ३,६००. भागिले १०० केले की उरतात फक्त ३६. रोपे शंभरच, पण जनुकीय भांडवल छत्तिसांचे. शंभरही एकाच लिंगाची असतील, तर गुणाकारात शून्य येते आणि उत्तरही शून्यच राहते.

पुढची पायरी चक्रवाढीची आहे. अशा बंदिस्त समूहात प्रत्येक पिढीला विविधतेचा काही अंश गळतो. तो अंश म्हणजे एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट. प्रभावी संख्या १०० असेल, तर दर पिढीला अर्धा टक्का. ३६ असेल, तर सुमारे १.४ टक्के. आकडे किरकोळ वाटतात. पण चक्रवाढ व्याज कसे चढते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना चक्रवाढ घट कशी उतरते हेही कळेल. ५० पिढ्यांनंतर पहिल्या समूहात मूळ विविधतेच्या सुमारे ७८ टक्के शिल्लक राहील. दुसऱ्यात जेमतेम ५० टक्के. मोजदाद करणाऱ्याच्या वहीत मात्र दोन्हीकडे ‘१०० रोपे’ हीच नोंद दिसेल.

ही गळती थांबवण्याचा उपायही गणितच सांगते. अगदी थोडी ये-जा पुरते. पिढीमागे एखादे रोप, एखादे बी किंवा दुसऱ्या डबक्यातून आलेले परागकण मिळाले, तरी दोन समूह एकमेकांपासून फारसे तुटत नाहीत. सोयरीक जशी गावाबाहेर करावी, तसाच हा प्रकार. अडचण अशी की या कुळातील बहुतेक जातींचे बी थोडा वेळ तरंगून जवळच तळाशी बसते. फार लांबचा प्रवास त्याला झेपत नाही. म्हणून दोन डबक्यांमधला ओहोळ आणि त्यांच्यावरून जाणारी मधमाशी, या दोन्ही गोष्टी डबक्यांइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

डाळिंबाच्या बागेतील धडा

हे सारे पुस्तकी वाटत असेल, तर आटपाडीच्या बागा पाहाव्यात. तालुक्यातील डाळिंबाला देशात नाव आहे आणि त्यातील मोठा वाटा ‘भगवा’ या वाणाचा आहे. त्याआधी ‘गणेश’ होता. ‘मृदुला’, ‘आरक्ता’ होते. रंग, टिकाऊपणा आणि भाव या तिन्ही कसोट्यांवर भगवा उतरला आणि बाजाराने त्यालाच पसंती दिली. ही पसंती व्यवहाराला धरूनच होती. मात्र ही झाडे गुटी कलमाने तयार होतात, म्हणजे एकाच मातृवृक्षाच्या फांद्यांपासून. शेजारशेजारच्या दहा बागांतील हजारो झाडे जनुकीय दृष्टीने जवळपास एकच झाड असते. म्हणूनच पेटीतील प्रत्येक फळ सारखे निघते आणि व्यापाऱ्याला हवे असते तेही हेच.

या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने महाराष्ट्रातील डाळिंब बागांची वाताहत केली. जिवाणूमुळे होणाऱ्या या रोगात फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकते आणि सौदा मोडतो. कित्येकांनी बागा उपटून टाकल्या. बागायतदाराबरोबर अडत दुकानदार, औषध विक्रेता, वाहतूकदार आणि उधारी देणारा कापड दुकानदारही त्या झळीत सापडला. तेल्याचे कारण केवळ एकसारखेपणा नव्हे. हवामान, रोगट कलमांची ने-आण, बागेची निगा यांचाही त्यात वाटा आहे. परंतु रोग आल्यावर त्याला तोंड देईल असे वेगळे झाड बागेत नव्हते, ही गोष्ट उरतेच. सोलापूरला २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले. अशा कोणत्याही केंद्रातील पैदासकाराला रोगप्रतिकारक वाण घडवायचा असेल, तर निरनिराळ्या जुन्या व रानटी प्रकारांकडेच वळावे लागते. निधी आधी साठवलेला असेल, तरच अडचणीत काढता येतो.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून पडलेल्या दुष्काळाची कथाही हीच आहे. तेथील गरीब शेतकरी बटाट्याच्या मुख्यतः एकाच वाणावर जगत होता. तो वाण कंदाच्या तुकड्यांपासून लावला जाई, म्हणून सारी शेते एकाच साच्याची. करपा आला आणि सलग काही वर्षे पीक कुजले. त्या काळात सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली.

याच्या उलट बाजूची कथा भारताशी निगडित आहे. १९७० च्या सुमारास आशियातील भातशेतीवर ‘ग्रासी स्टंट’ नावाच्या विषाणुरोगाचे संकट आले. तपकिरी तुडतुडे तो पसरवत. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रतिकारक गुणाच्या शोधात भाताचे सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. हा गुण सापडला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानभाताच्या नमुन्यात, आणि त्यातीलही मोजक्याच रोपांत. पाणथळीत उगवणारे ते तण, ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. त्या गुणाचा वापर करून घडवलेला ‘आय. आर. ३६’ हा वाण १९७६ साली आला आणि पुढे तो एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर लावला गेला. ते डबके त्याआधी बुजवले गेले असते, तर त्याची किंमत किती झाली असती, याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

वायतुऱ्यात असे काही दडलेले आहे, असा दावा येथे करायचा नाही. असेलही, नसेलही. मुद्दा इतकाच की रानभाताच्या त्या रोपांचे मोलही गरज पडेपर्यंत शून्यच दिसत होते.

जलपर्णीचा आक्षेप

या विवेचनावर एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. पंचगंगेपासून कृष्णेपर्यंत नद्यांचा श्वास कोंडणारी जलपर्णी पाहा. मूळची दक्षिण अमेरिकेची ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेसाठी बंगालमध्ये आली आणि देशभर पसरली. जगभरातील नमुने तपासले असता, ठिकठिकाणची बहुतेक जलपर्णी जनुकीय दृष्टीने एकाच साच्याची असल्याचे आढळले आहे. म्हणजे तिच्याकडे विविधतेचा निधी जवळपास नाही. तरीही ती फोफावते. मग वायतुऱ्याच्या विविधतेची एवढी चिंता कशाला?

जलपर्णी फोफावते, कारण तिचे शत्रू मायदेशी राहिले आणि तिला लागणारे मैलापाणी आपण मुबलक पुरवले. परक्या गावात येऊन, स्पर्धक नसताना, फुकटच्या भांडवलावर चाललेले ते दुकान आहे. तिच्या मायदेशातून आणलेले भुंगेरे १९८० च्या दशकात बंगळुरूजवळच्या तलावांत सोडण्यात आले, तेव्हा काही ठिकाणी तिचा जोर ओसरलाही. वायतुऱ्याला अशी कोणतीच सवलत नाही. त्याला ना मैलापाणी मानवते, ना परगाव. स्वच्छ पावसाचे उथळ पाणी, जांभ्याचा खळगा आणि चार महिन्यांची मुदत, एवढ्यावरच त्याचा प्रपंच चालतो. पाऊस लांबला, डबके लवकर आटले किंवा कडक उन्हाळा वाढला, तर बदलत्या हवामानाशी जुळवून घ्यायला त्याच्यापाशी स्वतःची विविधता आहे. दुसरे काही नाही.

जोखीम वाटून ठेवावी

अशा वनस्पतींच्या जनुकीय विविधतेची तपासणी आता भारतातील विद्यापीठांतही होऊ शकते. निरनिराळ्या ठिकाणच्या रोपांच्या पानाचा लहानसा तुकडा घेतात, त्यातील डीएनए वेगळा करतात आणि ठरावीक खुणा ताडून पाहतात. कोणती रोपे एकमेकांच्या प्रती आहेत, कोणता समूह इतरांपासून तुटला आहे आणि कोणत्या डबक्यात दुसरीकडे न आढळणारा गुणसंच आहे, हे त्यातून उमगते. रोप उपटावे लागत नाही.

या तपासणीचा उपयोग संरक्षण कोठे व कसे करावे हे ठरवण्यासाठी होतो. एखादे प्रसिद्ध पठार राखले की काम झाले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु विविधता जर वेगवेगळ्या सड्यांवर वाटली गेली असेल, तर एकच मोठे पठार राखून बाकीची सोडून देणे म्हणजे सारी पुंजी एकाच पेढीत ठेवण्यासारखे होईल. कमी प्रसिद्ध, लहान आणि आडबाजूच्या सड्यांवरील चार-दोन डबकीही तितक्याच आस्थेने राखावी लागतात. नर-मादींचे प्रमाण पाहावे लागते. गरज पडल्यास जवळच्या समूहातून मोजके कंद वा बी आणून समतोल साधता येतो. मात्र दूरदूरचे समूह विचार न करता एकत्र कालवणे हितकारक नसते. त्यामुळे स्थानिक परिस्थितीशी जुळलेले गुण विरून जाण्याचा धोका असतो. हे काम हौशी हातांचे नव्हे.

दुसरा उपाय म्हणजे मूळ जागेबाहेर राखण ठेवणे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पती उद्यानात पश्चिम घाटातील अनेक दुर्मीळ वनस्पतींचे जतन व संवर्धन केले जाते. वायतुऱ्याचे वर्णन करणाऱ्या तिघांपैकी डॉ. श्रीरंग यादव यांचे अध्यापन व संशोधन याच विद्यापीठात झाले. याच कुळातील ‘अपोनोजेटॉन ब्रुगेनाय’ या आणखी एका जातीचे वर्णन त्यांनी गोवेकर यांच्यासह १९९५ साली प्रसिद्ध केले. अशा उद्यानातील संग्रह ही मूळ दस्तऐवजाची नक्कल असते. नक्कल जरूर ठेवावी. परंतु एकाच डबक्यातून आणलेली २० रोपे ही पूर्ण नक्कल होत नाही. अनेक ठिकाणचे, थोडे थोडे नमुने, प्रत्येकाच्या मूळ जागेच्या नोंदीसह ठेवले, तरच ती खरी राखण ठरते.

सड्यावर आलेला बाजार

धोका नेमका कोठून आहे? पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्यात कासचे पठार समाविष्ट झाले. नाव झाले, त्याबरोबर गर्दी झाली. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोटणाऱ्या पर्यटकांना आवर घालण्यासाठी आगाऊ नोंदणी, रोजची मर्यादा आणि प्रवेशशुल्क असे उपाय करावे लागले. कास व शेजारच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्या ही व्यवस्था पाहतात आणि गावातील तरुणांना त्यातून हंगामी काम मिळते. मध्यंतरी पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले आणि पुढे ते काढण्यात आले. गुरांची पूर्वापार चराई थांबली की उंच गवत माजते आणि लहान फुलझाडे दबली जातात, असे मत अभ्यासक व ग्रामस्थांनी मांडले होते. राखणे म्हणजे केवळ कोंडणे नव्हे, हा त्यातील बोध.

कासला निदान राखणदार आहेत. इतर अनेक सडे मात्र महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून गणले जातात. चाळकेवाडी, वनकुसवडे भागात १९९० च्या दशकापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. स्वच्छ विजेची गरज कोणी नाकारणार नाही. पण प्रत्येक चक्कीपर्यंत जाणारा रस्ता पठारावरील पाण्याची वाट मोडतो आणि डबक्याला डबक्यापासून तोडतो. जांभ्याच्या खाणी, विश्रामगृहे, दुसरे घर म्हणून बांधलेले बंगले, वाहनतळासाठी टाकलेली मुरमाची भर, यांनी खळगे बुजतात. साताऱ्याच्या डोंगरपट्ट्यातील दोनशेहून अधिक गावांना कवेत घेणारा नवीन महाबळेश्वर प्रकल्प राज्य शासनाने हाती घेतल्यापासून या भागातील जमिनीकडे गुंतवणूकदारांची नजर वळली आहे. ज्या जमिनीवर काहीच पिकत नाही असे दलाल सांगतो, तीच बहुधा सड्याची जमीन असते.

येथे हा विषय व्यापारी कुटुंबांच्या थेट दारात येतो. सांगली, सातारा, आटपाडी, विटा येथील बचतीचा काही भाग डोंगरावरील जमिनीत जातो, हे उघड आहे. गुंतवणूक करू नये असे नाही. मात्र खरेदीपूर्वी जशी सातबारा, फेरफार आणि बोजा यांची तपासणी होते, तशीच आणखी एक तपासणी व्हावी : पावसाळ्यात त्या जागेवर पाणी साचते काय, तेथे जांभ्याचा उघडा सडा आहे काय, आणि जाणकार वनस्पतिशास्त्रज्ञाने ती जागा पाहिली आहे काय. बांधकाम अटळ असेल, तर डबकी व ओहोळ सोडून आराखडा करता येतो. खर्चात त्याने फारसा फरक पडत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण कोणत्याही कुटुंबाला जमण्याजोग्या आहेत. सप्टेंबरमध्ये कासला सहल निघते, तेव्हा सुटीचा दिवस टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. आखलेली वाट सोडू नये आणि छायाचित्रासाठी मुलांना डबक्यात उतरवू नये. चिखलाखालचा कंद पायाच्या दाबाने चिरडतो. घरातील काचपेटीत वाढवलेल्या परदेशी पाणवनस्पती तलावात वा ओढ्यात टाकू नयेत. जलपर्णीही एके काळी शोभेचीच होती. दुर्मीळ पाणवनस्पती विकत घेण्याचा मोह टाळावा. मादागास्करमधील, वायतुऱ्याच्याच कुळातील जाळीदार पानांची जात काचपेट्यांच्या व्यापारासाठी रानातून ओरबाडली गेली, हा इतिहास डोळ्यांपुढे असावा.

समाजाच्या संस्थांनाही यात वाव आहे. पाणपोई, वसतिगृह, गोशाळा, शिष्यवृत्ती यांसाठी उदार हस्ते देणारी ही कुटुंबे आहेत. एखाद्या ट्रस्टने वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला तीन वर्षांचा प्रवासखर्च दिला, तर साताऱ्याच्या लहान सड्यांवरील डबक्यांची नर-मादी नोंदींसह मोजणी होऊ शकते. मोठ्या प्रयोगशाळेच्या आधी गरज आहे ती अशा विश्वासार्ह नोंदवहीची. आटपाडी तालुक्यातील शाळांनाही आपापल्या तलावांतील व ओढ्यांतील पाणवनस्पतींची यादी करता येईल. कमळ, कुमुदिनी, शिंगाडा आणि लव्हाळे यांची नावे ज्या मुलाला ठाऊक आहेत, त्याला पाणी म्हणजे केवळ नळातून येणारी वस्तू वाटत नाही.

टेंभूचे पाणी आटपाडीला येऊ लागले, तेव्हा वरच्या खोऱ्यातील पाण्यावर खालच्या दुष्काळी तालुक्यांचाही हक्क आहे, हे तत्त्व मान्य झाले. हक्काबरोबर कर्तव्य येते, हा नियम पेढीवर जसा लागू, तसाच नदीवरही. ज्या माथ्यावरचा पाऊस आटपाडीच्या बागा भिजवतो, त्या माथ्यावरील डबक्यांची विचारपूस करणे हे त्या कर्तव्याचेच एक कलम समजावे. वर्षअखेरीला दुकानाचा ताळेबंद मांडताना माल, रोकड आणि येणे यांच्या रकमा तपासल्या जातातच. कोणती रक्कम खरी आणि कोणती नुसती कागदावर, हेही पाहिले जाते. वायतुऱ्याच्या बाबतीत ती तपासणी पावसाळ्यातील चार महिन्यांतच करता येते, आणि ती करण्यासाठी पुढच्या जूनपर्यंत माणसे व साधने तयार ठेवावी लागतील.